एक्केचाळिसावं मिनिट

लहान मुलांचा सिनेमा आम्ही आधी दोघंच पाहून आलो,
इडवल आणि मी, मंगळवारी दुपारी,
अ‍ॅबरिस्टविथच्या थिएटरात दोन मोठी तिकिटं,
आणि आमच्या मागून लहान कोणी येतंय का
म्हणून तिकीटवाला पोरगा दार धरून उभा.

अशी तपासणी आमच्या घरात नवी नाही.
मिसेस प्रॉसरनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं:
कार्टूनमध्ये आया फार मरतात,
बहुतेक पॉपकॉर्न संपायच्या आत.
अनाथ पोर शूर असतं, गातं, त्याला बोलका उंदीर भेटतो,
शेवटी कळतं की ते मुळात राजघराण्यातलं.
रात्री दोनला अंथरूण ओलं करून
चादर कपाटामागे कोंबणारं पोर
अजून कुठल्या पडद्यावर आलेलं नाही.

हा सिनेमा साळिंदराच्या पिल्लाचा.
नदीतून वाहत येतं, बदकं वाढवतात,
सगळ्यांना पिसं, याला काटे,
आणि अख्खं तळं मूग गिळून गप्प.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला बदकीण
रडत रडत कबूल करते: तू आमचा नाहीस.
लगेच व्हायोलिनं. लगेच वीज.
इडवलनं अंधारात तिकिटाच्या पाठीवर आकडा लिहिला,
इतका दाबून की कागद फाटला.

आमचा नाहीस.
पोटचा नाहीस म्हणायचं होतं, बाई.
त्या दोन शब्दांच्या मध्ये
एक आख्खं घर मावतं, जिन्यासकट.

शनिवारी कॅडीला घेऊन गेलो.
बेत ठरलेला: चाळिसाव्या मिनिटाला मला बाथरूमला लागणार,
ती सोबतीला येणार, आठ मिनिटांनी परत.
चाळिसाव्या मिनिटाला कॅडी म्हणाली, तू जा ना, मोठी आहेस की.
मग बदकीण रडली. थिएटरभर नाकं ओढली गेली.
आणि आमची सात वर्षांची, पाय हलवत,
मागच्या तीन रांगांना ऐकू जाईल असं:
'वेडीच आहे. इतके दिवस सांगितलंच नव्हतं?
आणि त्याच्याकडे आरसा नव्हता का?'

तिच्या उशाशी जांभळी वही असते.
पहिल्या पानावर कॅरिस, तिला जन्म दिलेली,
बस-थांब्यावर हसणारी, हनुवटी हुबेहूब.
वाचता येत नव्हतं तेव्हापासून ते पान तिला पाठ.

सुटलो, असं वाटलं. इडवलनं माझा हात दाबला.
त्रेपन्नाव्या मिनिटाला, जिथे आम्ही काहीच लिहिलं नव्हतं,
कोणीतरी पिल्लाचं सामान दारात आणून ठेवलं,
एवढुसं गाठोडं, दोन सेकंद,
आणि कॅडी माझ्या कुशीत नाही,
खुर्चीखाली शिरली.
'कोणी भरलं ते? त्याला विचारलं का?'

आमच्याकडे आली तेव्हा ती चार वर्षांची,
मोटारीत मागे कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्या,
त्यांत तिचं सगळं.
पिशव्या मी त्याच संध्याकाळी फेकल्या.
मला वाटलं, प्रेमानं फेकल्या.

बाहेर धक्क्यावर भोरड्यांचे थवे वळत होते,
लोक फोन वर धरून उभे.
कॅडी जमिनीकडे बघत चालली, फरश्या मोजत,
एक चुकली की मागे जाऊन पुन्हा.

रविवारी दिवाणखान्यात तिनं सिनेमा परत केला.
इडवल बदक.
ती स्वतः साळिंदर नाही, नदी.
साळिंदर म्हणून दात घासायचा ब्रश.
'आणि मी?'
'तू पिशवी.'

मी गालिच्यावर कुशीला झाले, हातांचं तोंड केलं,
आणि ती भरू लागली: मोजे, जांभळी वही,
अर्धं खाल्लेलं बिस्किट, शेजारच्या मांजराचा पट्टा,
सिनेमाचं फाटकं तिकीट,
दर वेळी ब्रशला विचारून: हे घ्यायचं? हे?
माझी मान अवघडली. इडवल बदक असल्याचं विसरून
चहा टाकायला गेला.
मी हात जरासे मिटायला गेले
तर नदी ओरडली: थांब,
त्याचं अजून संपलं नाहीये.